प्रसिद्धीपूर्वी संकेतस्थळाची चाचणी

मृगाच्या पावसाची वाट पाहत असताना वऱ्हाडातील जाणता शेतकरी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवतो, त्यावर पाणी शिंपडत राहतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. सत्तर किंवा त्याहून अधिक दाण्यांना सतेज कोंब आले, तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरावयास हरकत नाही; कमी आले तर प्रमाण वाढवावे लागते अथवा ते बियाणे बाजूस ठेवावे लागते. कृषी विभाग खरिपापूर्वी या उगवणचाचणीचा आवर्जून प्रचार करीत असतो. गोणपाटाच्या एका तुकड्यावर जे फुकट कळते, ते शेतात कळावयाचे म्हणजे दुबार पेरणीचा खर्च अंगावर घेणे होय.

संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी अनेकजण चाचणीविना थेट पेरणी करतात. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात घडलेला प्रकार जवळून पाहिला. विद्यार्थ्यांच्या अर्जांची मुदत चालू असताना संकेतस्थळास नवे रूप देण्याचे ठरले. तसे ते देण्यात आले, तेही भर कार्यालयीन वेळेत आणि चालू संकेतस्थळावरच. नव्या रूपात मुखपृष्ठ देखणे झाले. परंतु आवश्यक कागदपत्रांची यादी असलेल्या पानाची कळ मुखपृष्ठावरून नाहीशी झाली. पान जागेवरच होते, त्याकडे जाणारी वाट तेवढी पुसली गेली होती. हे ध्यानात येण्यास तीन दिवस लागले. तोपर्यंत मेळघाटातून एक गृहस्थ मुलीचा अर्ज घेऊन आले आणि एक कागद कमी असल्यामुळे परत गेले. धारणी तालुक्यातील एखाद्या गावाहून अमरावतीस येऊन परत जावयाचे म्हणजे पुरा दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरीही. त्या कार्यालयात कोणी आळशी नव्हते. नवे रूप आधी कोठे तरी बाजूला लावून पाहावे, अशी जागाच त्यांच्याजवळ नव्हती.

अशी जागा आता प्रत्येकास विनामूल्य मिळू शकते. तिचे नाव वर्डप्रेस प्लेग्राउंड. ती कशी चालते, तिच्यात कोणत्या चाचण्या घ्याव्यात आणि तिच्यावर कोठवर विसंबावे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे. लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे तांत्रिक भाग त्यास जसा उमगला तसा, म्हणजे कार्यालयीन भाषेत, मांडला आहे. अभियांत्रिकीच्या जाणकारांनी तेवढी सवलत द्यावी.

संकेतस्थळ कसे चालते

वर्डप्रेस हे संकेतस्थळे उभारण्याचे व त्यांवर मजकूर प्रसिद्ध करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर होय. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. अमरावती व अकोला जिल्हा प्रशासनांची अधिकृत संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या समान व्यवस्थेवर आहेत. त्यांचा साचा आणि सुरक्षितता यांची व्यवस्था त्या केंद्राकडून होते. परंतु अमरावतीच्या १४ आणि अकोल्याच्या ७ तालुक्यांत शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये, सहकारी संस्था व ग्रामपंचायती यांना स्वतःचे संकेतस्थळ हवे असेल, तर साधनाची निवड बहुधा त्यांनाच करावी लागते. अशा वेळी वर्डप्रेसचे नाव हमखास पुढे येते, आणि येथील विवेचनही अशा संस्थांनाच मुख्यतः उद्देशून आहे.

वर्डप्रेसचे संकेतस्थळ चालण्यास एरव्ही तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे सर्व्हर, हा सदैव चालू असलेला व इंटरनेटला जोडलेला संगणक. दुसरी पीएचपी नावाची संगणकीय भाषा जाणणारा कार्यक्रम. वर्डप्रेस या भाषेत लिहिलेले आहे. तिसरी म्हणजे माहितीचा साठा ठेवणारी मायएसक्यूएल ही व्यवस्था. एखाद्या वाचकाने आपल्या ब्राउझरात संकेतस्थळाचा पत्ता टाकला, की त्याची मागणी सर्व्हरकडे जाते. पीएचपी ती वाचते, साठ्यातून मजकूर काढते, पान जुळवते आणि परत धाडते. ब्राउझर ते पान फक्त दाखवतो. एखादा नागरिक अर्ज देतो, लिपिक अभिलेख कक्षातून धारिका काढतो, नक्कल तयार करतो आणि खिडकीतून बाहेर देतो, तसाच हा व्यवहार आहे. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसास आतील कपाटे दिसत नाहीत.

सराव करावयाचा झाला तर आजवर दोनच मार्ग होते. सर्व्हरवरील जागा भाड्याने घ्यावी, अथवा आपल्या संगणकावर सर्व्हरची सामग्री स्वतः बसवावी. पहिल्यास पैसा लागतो व त्यासाठी मंजुरी लागते. दुसऱ्यास जाणकार लागतो, आणि कार्यालयीन संगणकांवर नवे सॉफ्टवेअर बसवण्याची मुभाही पुष्कळदा नसते.

ब्राउझरातील कार्यालय

प्लेग्राउंडची कल्पना अॅडम झेलिन्स्की या वर्डप्रेसच्या कामातील अभियंत्याने २०२२ मध्ये प्रत्यक्षात आणली. खिडकीच्या आतील सारे कार्यालय उचलून खिडकीबाहेरच्या माणसाच्या हाती द्यावे, असा हा प्रकार आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या गोष्टी येथे वाचकाच्या ब्राउझरातच चालतात.

हे शक्य झाले ते वेबअसेंब्लीमुळे. निरनिराळ्या भाषांत लिहिलेले संगणकीय कार्यक्रम ब्राउझरात वेगाने व बंदिस्तपणे चालावेत म्हणून ठरवलेला हा एक समान संकेत आहे. २०१७ मध्ये तो सर्व प्रमुख ब्राउझरांत आला आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्यास प्रमाण म्हणून मान्यता दिली. पीएचपी ही स्वतः सी या भाषेत लिहिलेली आहे. तिचे वेबअसेंब्लीत रूपांतर केल्यावर ती ब्राउझरात चालू लागली. मायएसक्यूएल मात्र आकाराने अवजड. तिच्या जागी एसक्यूलाइट हा लहान साठा घेण्यात आला. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेली ही व्यवस्था अख्खा साठा एकाच फाइलीत ठेवते. वर्डप्रेस मायएसक्यूएलच्या बोलीतच प्रश्न विचारते, म्हणून मध्ये एक दुभाषी बसवला आहे. तो प्रत्येक प्रश्न एसक्यूलाइटच्या बोलीत करून देतो.

राहिला प्रश्न मागणीचा. आपण कळ दाबली की ब्राउझर मागणी बाहेर पाठवू पाहतो. पण येथे बाहेर सर्व्हर नाहीच. यासाठी ब्राउझरातील सर्व्हिस वर्कर ही सोय कामास येते. आपल्या कार्यालयातील बारनिशीच्या लिपिकाने जावक टपालातून एक पाकीट बाजूस काढावे, ‘हे तर आपल्याच शेजारच्या टेबलाचे’ म्हणावे आणि टपालखात्याकडे न देता तेथल्या तेथे पोचवावे, तसे सर्व्हिस वर्कर करतो. मागणी बाहेर पडत नाही. ती ब्राउझरातील पीएचपीच्या हाती जाते आणि पान तेथेच तयार होते.

वापरणाऱ्यास यातील काहीच जाणवत नाही. ‘प्लेग्राउंड डॉट वर्डप्रेस डॉट नेट’ हा पत्ता ब्राउझरात टाकावा आणि थोडे थांबावे. काही मेगाबाइट सामग्री उतरते आणि एक कोरे संकेतस्थळ व्यवस्थापकाच्या सर्व अधिकारांसह समोर येते. नावनोंदणी, संकेतशब्द, पैसे यांपैकी काहीही लागत नाही. ब्राउझर फार जुना असेल तर तो आधी अद्ययावत करून घ्यावा.

आरंभीच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरात आहे आणि फक्त तेथेच आहे. त्याचा पत्ता तुम्ही गटविकास अधिकाऱ्यांना पाठवला, तर त्यांच्या संगणकावर तुमचे काम दिसणार नाही. त्यांच्यापुढे त्यांचे स्वतःचे कोरे संकेतस्थळ उघडेल. शिवाय तात्पुरत्या प्रकारात उघडलेले संकेतस्थळ पान ताजे करताच नाहीसे होते. प्रस्तुत लेखकाने दोन तास खपून सजवलेले मुखपृष्ठ एका कळीसरशी घालवले आहे, म्हणून हा इशारा अधिकारवाणीने देता येतो. काम टिकवावयाचे तर ते ब्राउझरातील साठ्यात जतन करण्याची सोय आहे. मात्र सामाईक संगणकावर कोणी ब्राउझरची सफाई केली, तर हा साठाही पुसला जातो. यास्तव काम संपताच संपूर्ण संकेतस्थळ झिप फाइलीच्या रूपात उतरवून घ्यावे. ही फाइल पेनड्राइव्हवर नेता येते आणि दुसऱ्या संगणकावरील प्लेग्राउंडमध्ये पुन्हा उघडता येते. अधिकाऱ्यांना काम दाखवावयाचे असेल तर त्यांनाही हीच फाइल द्यावी.

एक पाठ : कल्पित ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. एका कल्पित ग्रामपंचायतीसाठी चार पाने तयार करावयाची आहेत, असे समजू या : ग्रामसभेची सूचना, मिळणारे दाखले, कराची माहिती आणि संपर्क. मजकूर कल्पितच असावा. लाभार्थ्यांच्या खऱ्या याद्या सरावासाठी घेऊ नयेत. प्लेग्राउंडमधील मजकूर आपल्या संगणकातच राहतो हे खरे. परंतु उतरवलेली झिप फाइल हातोहाती फिरते. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास तर आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ अन्वये मनाईच आहे, आणि सरावात लागलेली सवय पुढे प्रत्यक्षात उतरते.

प्रथम ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ या विभागात जावे. तेथे भाषांच्या यादीतून मराठी निवडावी. मराठीचा भाषासंच जाळ्यातून येतो, म्हणून या वेळी इंटरनेट चालू असावे. त्याच पृष्ठावर वेळेची निवड आहे, तिकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नव्या वर्डप्रेसमधील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. ‘ही सूचना सकाळी ९ वाजता प्रसिद्ध व्हावी’ अशी तजवीज करून ठेवली आणि घड्याळ बदललेच नाही, तर सूचना दुपारी अडीच वाजता लागेल. यादीतून कोलकाता निवडले की हा घोटाळा टळतो.

यानंतर पहिले पान लिहावे. त्यास मुद्दाम आपल्या कार्यालयीन पद्धतीचे शीर्षक द्यावे : ‘ग्रामसभेची सूचना व विषयपत्रिका, २६ जानेवारी’. पान प्रसिद्ध करून त्याचा पत्ता पाहावा. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप तयार करते, पण येथे तो ‘ग्रामसभेची-सूचना-व-विषयप’ असा मध्येच तुटलेला आढळेल. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. पत्त्यात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, वेलांटी असो की हलन्त असो, नऊ रोमन चिन्हांनी लिहिले जाते. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागास २०० चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजी शीर्षकास ही मर्यादा ऐसपैस वाटते. मराठीच्या वाट्यास जेमतेम २२ चिन्हे येतात. आता त्याच शीर्षकात ‘१ मे’ घालून दुसरे पान करून पाहावे. त्याचा पत्ताही तेथेच तुटतो, आणि दोहोंत फरक राहावा म्हणून पुढे दोनचा आकडा जोडला जातो. कोणता पत्ता कोणत्या ग्रामसभेचा, हे मग पत्त्यावरून कोणासच सांगता येत नाही. असा पत्ता गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला, की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ उमटते आणि लोक ती फसवी समजून उघडत नाहीत. उपाय सोपा आहे. पान प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याच्या रकान्यात हाताने आटोपशीर पत्ता लिहावा, आणि त्यात दिनांक घालावा.

दुसरी चाचणी शोधाची. दाखल्यांच्या पानावर ‘रहिवासाच्या दाखल्यासाठी पुढील कागदपत्रे आणावीत’ असे एक वाक्य लिहावे आणि मग संकेतस्थळावरील शोधाच्या चौकटीत ‘दाखला’ हा शब्द टाकावा. पान सापडत नाही! वर्डप्रेसचा शोध अक्षरांची ओळ जशीच्या तशी जुळवून पाहतो. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. ‘दाखला’चे ‘दाखल्या’ होते, ‘ग्रामसभा’चे ‘ग्रामसभे’ होते आणि मूळ ओळ मोडते. व्याकरणाच्या तासाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना सामान्यरूपाचा उपयोग पटवून देण्यास शिक्षकबंधूंना व भगिनींना हे उदाहरण कामास येईल. पानाच्या शीर्षकात अथवा मजकुरात मूळ शब्द निदान एकदा तरी जसाच्या तसा आला पाहिजे, एवढे पथ्य पाळले की काम भागते. ठराव अथवा परिपत्रक यांचे छायाचित्र काढून पीडीएफ म्हणून जोडले, तर त्यातील एकही शब्द या शोधात येत नाही, हेही येथेच करून पाहावे. दृष्टिहीन व्यक्तींसाठी असलेली वाचक-साधनेही अशा चित्रातील मजकूर सहसा वाचू शकत नाहीत. म्हणून निदान तारीख, वेळ, स्थळ आणि विषय पानावर टंकलिखित असावेत.

तिसरी चाचणी तर आपल्या प्रदेशाच्या नावाचीच आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. एकाने एका पद्धतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर प्लेग्राउंडमध्ये तो सापडत नाही. हीच गत ‘शेतकऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांचे’, ‘कर्मचाऱ्यांची’ या शब्दांची. आणि यांच्यावाचून आपला एक तरी शासकीय मजकूर पुरा होतो काय? दोन निराळ्या कळफलकांवरून, शक्य तर एकदा संगणकावरून व एकदा मोबाइलवरून, हे शब्द टंकून शोध घ्यावा. फरक आढळला तर कार्यालयात सर्वांनी एकच कळफलक वापरण्याचे ठरवावे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेला जुना मजकूर डकवला तर काय होते, तेही जाता जाता पाहावे. मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ उमटेल, आणि असा मजकूर किती उरला आहे याचा अंदाज येईल.

शेवटी ब्राउझरची चौकट आक्रसून मोबाइलच्या रुंदीची करावी. गावात संकेतस्थळ मोबाइलवरच पाहिले जाते. तक्ते कडेबाहेर जातात काय, संपर्काचा क्रमांक बोटाने दाबता येतो काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

रूप बदलणे आणि आवृत्ती बदलणे

आरंभी सांगितलेला प्रसंग टळला असता तो याच टप्प्यावर. संकेतस्थळाच्या रूपास वर्डप्रेसमध्ये थीम म्हणतात आणि जोडसामग्रीस प्लगइन. चालू संकेतस्थळावरील मजकूर ‘टूल्स’मधील निर्यातीच्या सोयीने एका फाइलीत काढावा, ती फाइल प्लेग्राउंडमध्ये आयात करावी, नवी थीम तेथे लावावी आणि प्रत्येक कळ एकदा दाबून पाहावी. मोडले तर आपल्या ब्राउझरात मोडेल; खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे काही बिघडणार नाही.

आवृत्त्यांचा प्रश्नही असाच आहे. पीएचपीच्या ७.४ या आवृत्तीचा आधार २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपला. त्यानंतर तिच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या निघत नाहीत. तरीही जुने प्लगइन बंद पडेल या भीतीने अनेक ठिकाणी आवृत्ती बदलण्याचे धाडस होत नाही. प्लेग्राउंडमध्ये वर्डप्रेसची व पीएचपीची आवृत्ती यादीतून निवडता येते. आपले प्लगइन नव्या आवृत्तीत चालते की नाही, हे पाच मिनिटांत पाहता येते. ठेकेदार ‘नवी आवृत्ती घेतली तर सारे बंद पडेल’ असे म्हणत असेल, तर त्याच्या म्हणण्याची शहानिशा करण्याचे साधन ग्रामसेवकाच्या वा मुख्याध्यापकाच्या हाती येते. संकेतस्थळ करून देणारा निघून गेला आणि संकेतशब्द त्याच्याबरोबर गेला, ही तक्रार दौऱ्यात इतक्या वेळा कानी येते, की आपल्या माणसांना यातील थोडे तरी कळावे, ही निकड ठरते.

चाचणीने काय कळत नाही

गोणपाटातील कोंब पावसाचे काही सांगत नाहीत. तसेच प्लेग्राउंडमध्ये चाललेले संकेतस्थळ सर्व्हरवर चालेलच, असा निर्वाळा देता येत नाही. तेथे साठा एसक्यूलाइटचा आहे. प्रत्यक्षात बहुधा मायएसक्यूएल असेल, आणि एखादे प्लगइन दुभाष्यास न कळणारा प्रश्न विचारू शकते. शोधाच्या चाचण्याही म्हणून प्रत्यक्ष सर्व्हरवर एकदा पुन्हा कराव्यात. संपर्काच्या चौकटीतून ई-मेल जाते की नाही, हे ब्राउझरात कळत नाही, कारण तेथून टपाल बाहेर पडण्याची सोयच नाही. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी आले तर काय, याचे उत्तरही मिळत नाही. प्लेग्राउंडमध्ये वाचक एकच असतो, आणि तो म्हणजे आपण स्वतः.

सुरक्षेविषयी अधिकारीवर्गाने विशेष दक्ष राहावे. शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आणि तिसरी २०२३ मध्ये निघाली. सर्ट-इनच्या यादीवरील संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घेणे हा शासकीय संकेतस्थळाच्या कामाचा आवश्यक भाग आहे. ‘आम्ही प्लेग्राउंडमध्ये पाहिले होते’ हे या तपासणीस उत्तर होऊ शकत नाही.

सराव पुरा झाल्यावर मजकूर खऱ्या संकेतस्थळावर नेताना आणखी एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवलेली बरी. निर्यातीच्या फाइलीत मजकूर असतो, चित्रे नसतात. आयात करणारे संकेतस्थळ चित्रे मूळ पत्त्यावरून ओढून घेऊ पाहते. मूळ पत्ता तर आपल्या ब्राउझरात! म्हणून छायाचित्रे वेगळी जपून ठेवावीत आणि नव्या ठिकाणी हाताने चढवावीत.

तालुक्याच्या प्रशिक्षण वर्गात

संगणक प्रशिक्षणाच्या वर्गांचा अनुभव असलेल्यांना ठाऊक आहे, की पहिला अर्धा दिवस सामग्री बसवण्यात जातो. कोणाचा संगणक जुना, कोणास मुभा नाही, कोणाची आवृत्ती निराळी. प्लेग्राउंडमध्ये ‘ब्लूप्रिंट’ नावाची सोय आहे. कोणती थीम लावावी, कोणते प्लगइन घ्यावे, भाषा कोणती असावी, आरंभी कोणता मजकूर असावा, हे सारे एका छोट्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवता येते. प्रशिक्षकाने तिचा दुवा दिला, की वर्गातील तीसही शिक्षकांपुढे एकसारखे संकेतस्थळ उघडते. चुकले तर पुन्हा उघडावे. चुकण्याची धास्ती नसल्यामुळे एरव्ही कळ दाबावयास कचरणारी मंडळीही पुढे सरसावतात. वयाने ज्येष्ठ असलेल्या पंचायत सदस्यांना शिकवताना हा लाभ फार मोठा वाटतो.

मेळघाटात जाळ्याची अडचण आजही अनेक गावांत आहे. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून पुढे आणण्यात आले, त्याची वाखाणणी झाली. पण डोंगरापलीकडच्या वस्तीत मोबाइलला रेघ मिळेलच असे नाही. २०२४ पासून प्लेग्राउंड एकदा उघडल्यावर इंटरनेटविना चालवण्याची सोय झाली आहे. म्हणजे पंचायत समितीच्या ठिकाणी संगणकावर ते एकदा उघडून घ्यावे, भाषासंच व थीम तेथेच उतरवून काम जतन करावे आणि तोच संगणक घेऊन गावी जावे. जाळ्यातून नवे काही आणावयाचे नसेल तोवर सराव चालू राहतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी असे सांगितले आहे. नागरिकास अर्ज करण्याची पाळी कमीत कमी यावी म्हणून इंटरनेटसह निरनिराळ्या मार्गांनी ती द्यावी आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही तेथे नमूद आहे. या १७ बाबींची १७ पाने सरावासाठी तयार करणे, हा तालुका प्रशिक्षणातील दुसऱ्या दिवसाचा स्वाध्याय होऊ शकेल. पाने तयार झाल्यावर प्रशिक्षणार्थींनी आपापल्या झिप फाइली आपसांत बदलाव्यात आणि शेजाऱ्याच्या संकेतस्थळावर केवळ शोधाच्या चौकटीतून ‘जन माहिती अधिकारी’ शोधून दाखवावा. ज्याच्या पानावर हे नाव व पद फक्त ‘जन माहिती अधिकाऱ्यांकडे’ या रूपात आले असेल, त्याचे पान सापडणार नाही. ते त्याने तेथल्या तेथे दुरुस्त करावे आणि फाइल पुन्हा उतरवून घ्यावी.